अक्षरामागं चार रुपये

अप्पा गेल्याचा फ्लेक्स सात रस्त्यावर लागला
तेव्हा मी दुकानात दगड घासत बसलो होतो.
फ्लेक्सवर अप्पांच्या गालांना गुलाबी रंग,
खाली 'भावपूर्ण'मधला पू ऱ्हस्व.
मशीनला कोण सांगणार.
मी चाळीस वर्षं हे नाव खोदलं,
गुरुपादप्पा इरप्पा हेब्बाळे,
झोपेतून उठवलं तरी हात चुकायचा नाही.

होटगीकडून सायकलवर आले म्हणतात,
कॅरिअरला सुंभाची दोरी, दोरी धरायला एक पोरगं.
"माळ कुणी विकत घेत नाही बे, गुंठा घेतात."
अक्कलकोट रोडचा माळ त्यांनी असा गुंठ्यागुंठ्यानं संपवला.
सात-बारा पाढ्यासारखा पाठ.
कुठल्या मयत चुलत्याचं नाव
कुठल्या फेरफारात अडकलंय
हे त्या घरच्या सुनेच्या आधी अप्पांना ठाऊक.

मग नगरसेवक, दोनदा.
मग आमदारकीला उभे राहिले
आणि तीनशे अकरा मतांनी पडले.
त्या रात्री बंगल्यात दिवा लागला नाही.
सकाळी उठून त्यांनी शाळेला दोन खोल्या दिल्या.
लोक काय काय बोलले. मला काय,
मला दगड मिळाला.
शाळेचा, पाणपोईचा, वाचनालयाचा,
स्मशानातल्या शेडचा.
तिथल्या बाकावर नाव आणि देणगीचा आकडा
दोन्ही बसेनात, विचारायला गेलो,
तर म्हणाले, नाव बारीक कर.

मिलचा भोंगा बंद झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी
मिलमागची चाळ अप्पांनी घेतली.
सतरा नंबरात माझी आई विड्या वळायची,
मांडीवर सूप,
हजार मोजायची तेलुगूत, भांडायची मराठीत.
अप्पा स्वतः आले. चहा घेतला.
खोलीमागं साडेनऊ हजार, रोख.
बोलल्यापेक्षा एक रुपया कमी नाही.
आईनं नोटा मोजल्या, तेलुगूत,
आणि वर बघितलं नाही.
तिथं आता मंगल कार्यालय आहे.
पार्किंगमध्ये तिसऱ्या खांबापाशी आमची चूल होती.

तिचा खोकला वाढला तेव्हा
आम्हाला फुकट खाट मिळाली ती अप्पांच्याच वॉर्डात.
विडीवाल्या बायकांसाठी बारा खाटा.
खोटं कशाला बोलू, नीट बघितलं तिला.
दूध वेळेवर, डॉक्टर दिवसातून दोनदा.
खाटा आधी भरल्या, उद्घाटन राहिलेलं,
मंत्री मिळेना म्हणून.
आई गेली, आणि महिन्याभरानं
त्या वॉर्डचा दगड माझ्याकडे आला.

समोरचं सगळं खोदून झालं.
मग दगड पालथा केला
आणि सिमेंटात जाणाऱ्या बाजूला
लहान छिन्नीनं खोदलं, खोली नंबर सतरा.
कुणाला दाखवायला नाही.
हाताला सुचलं.

गड्ड्याची गर्दी सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी
अप्पा दुकानात आले, एकटेच.
समोरचं वाचलं, दोनदा.
मग बाजारात घोंगडं उलटं करून बघावं
तसा दगड भिंतीपासून पुढं ओढला,
मागं हात घातला.
बोटं फिरली. थांबली.
परत पहिल्या अक्षरावर आली.
बाहेर रिक्षावाला उगाच हॉर्न मारत होता.
मी छिन्नी पुसत राहिलो, पुसलेलीच.

"किती झाली अक्षरं, यादगिरी?"
"एकेचाळीस."
"आणि ही आठ."

एकोणपन्नास चोक एकशे शहाण्णव,
हिशोब ओठ न हलवता झाला.
शंभराच्या दोन नोटा त्यांनी दगडावर ठेवल्या,
वर माझा हातोडा ठेवला, उडू नयेत म्हणून,
आणि तिथंच उभे राहिले,
हात पुढं करून,
सुट्ट्या चार रुपयांसाठी.